तुकडा उभा करायचा असतो

आमच्या कामात एकच गोष्ट खरोखर शिकावी लागते, बाकी सगळं हात आपसूक शिकतो. ती गोष्ट म्हणजे तुकडा उभा करायचा.

नीट सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माणसाला बाहेरून कातडी असते हे सगळ्यांना दिसतं. पण ओठांच्या आत शिरलं की दुसरंच एक ओलं अस्तर सुरू होतं. गालांच्या आतून, जिभेवरून, घशातून ते पोटात उतरतं आणि आतड्यांतून थेट शेवटापर्यंत जातं. नाकात तेच, श्वासनळीत तेच, बायकांच्या गर्भाशयातही तेच, फक्त जागेप्रमाणे त्याची ठेवण बदलते. पुस्तकात त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. नाव ऐकून शिंक यावी असं आहे, पण त्याच्याच जिवावर आपण कढत चहा पितो, धूळ हुंगतो आणि तरी शाबूत राहतो. पोटातलं आम्ल पोटालाच खात नाही तेही त्याच्यामुळे. ते झिजतं आणि पुन्हा येतं. आतड्यातलं चार-पाच दिवसांत नवं होतं, तोंडातलं दोनेक आठवड्यांत. तुम्ही आज ज्या तोंडाने मला शिव्या द्याल, ते गेल्या महिन्यातलं नसतं.

या अस्तराच्या तळाशी एक अगदी बारीक रेषा असते. डॉक्टरांना बघायचं असतं ते एवढंच, की बिघडलेल्या पेशी रेषेच्या वर आहेत की ती ओलांडून खाली उतरल्या आहेत. वर असल्या तर तेवढा भाग काढून माणसाला घरी पाठवतात. खाली उतरल्या तर तो कॅन्सर. आता ही रेषा दिसायची, तर कापून आणलेला तुकडा मेणात कडेवर उभा करावा लागतो. पावाची चकती उभी धरली की वरचा कडक पापुद्रा आणि आतला मऊ भाग दोन्ही दिसतात ना, तसं. तुकडा आडवा पडला की नुसता पापुद्राच हाती लागतो. म्हणून वितळलेल्या मेणात चिमट्याने तो उभा धरायचा आणि तळाचं मेण घट्ट होईपर्यंत सोडायचा नाही. दहा सेकंद लागतात. तुकडा असतो मुगाच्या दाण्याएवढा.

एकतीस वर्षं मी हे करत होते. माझा उभा केलेला तुकडा पडत नाही अशी ख्याती होती आणि ती मी स्वतःच पसरवली होती. नाकावर माशी बसू देत नाही असं लॅबमध्ये माझ्याविषयी बोलायचे. खरं होतं ते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी गोगलगाय म्हणत असे, तोंडावर. मी मेणाचे चाळीस ठोकळे बसवीपर्यंत तिचे पंचवीस व्हायचे. प्रत्येक तुकडा ती भिंगाखाली धरून फिरवून फिरवून बघायची, उभा करायची आणि मग चिमटा धरून देवाचं नाव घेत असल्यासारखी बसून राहायची. मी म्हणायचे, "बाई, त्याला झोप लागली असेल आता, सोडा." ती हसायची. चिडायचा गुणच नव्हता तिच्या अंगी.

माझा धाकटा भाऊ शिंपी. आठ वर्षांनी धाकटा, आई गेली तेव्हा तो सहावीत होता, त्यामुळे त्याला वाढवलं मीच म्हणायला हरकत नाही. मी लग्न केलं नाही, त्याने केलं. माझ्या घरापासून दोन गल्ल्या टाकून त्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर राहायची जागा. पुढे तो कापायचा, मागे भावजय काजं करायची, बटणं लावायची. त्याच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांत चार टाचण्या धरून तो इतकं बोलायचा की गिऱ्हाइकालाच धडकी भरावी. जिभेला हाड नाही म्हणतात ते त्याच्याकडे बघून. कोटाच्या बाहीला टाके घालता घालता म्हणायचा, "ताई, तुझं नि माझं काम एकच. वरचं सगळे बघतात, अस्तर आपण बघतो." मी म्हणायचे, "तुझ्या अस्तराने कोणी मरत नाही." त्यावर तो म्हणायचा, "माझ्याने कोणी जगतही नाही. निवांत धंदा आहे."

त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा आला तो भावजयीने आधी पाहिला. टाचणी टोचली असेल म्हणून त्याने दोन महिने कानाडोळा केला. मग मी दुकानात त्याला खिडकीपाशी उभा केला, रुमालाने जीभ धरून ओढली आणि पाहिलं. चट्टा करंगळीच्या नखाएवढा, खरखरीत, एका बाजूला लालसर. पुसून जाईना. मी त्याला म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जायचं." तो म्हणाला, "बरं." असाच होता तो. मी सांगितलं की बरं म्हणायचा.

डॉक्टरांनी जिभेच्या कडेचा तुकडा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे मेणात बसवायला आला. आमच्याकडे एक अलिखित नियम आहे, घरच्या माणसाचा तुकडा आपण हातात घ्यायचा नाही. कोणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. त्या दिवशी त्याचा नंबर गोगलगायीच्या ट्रेमध्ये होता. मी तो तिच्यासमोरून उचलला.

"ताई, तो माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"तुमच्याकडे संध्याकाळपर्यंत राहील. माझ्या भावाचा आहे."

"म्हणून तर म्हणते."

"तुम्ही आपलं काम करा."

मी साच्यात मेण सोडलं, तुकडा चिमट्यात धरला आणि उभा केला. छान उभा केला होता. आणि माझा हात कापायला लागला. तसा तो कधी कापला नव्हता. चिमट्याचं टोक मेणात थरथरताना मला दिसत होतं. मान वर केली तर गोगलगाय बघत होती. "देऊ का मी धरून?" असं तिने हळूच विचारलं. एकतीस वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी चिमटा काढून घेतला, साचा थंड पट्टीवर सरकवला आणि म्हणाले, "झालं."

झालं नव्हतं. मेण वरून पांढरं झालं की आतलं दिसत नाही, पण तुकडा पडला असणार हे माझ्या बोटांना कळलं होतं. तेव्हाही वेळ होती. ठोकळा परत वितळवायचा, तुकडा काढायचा, नव्याने लावायचा. पाच मिनिटांचं काम. पण ते तिच्यासमोर करावं लागलं असतं.

ठोकळा यंत्रात अडकवून कापायला बसले. केसाहून पातळ काप निघतात, ते पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घ्यायचे असतात. पहिले काप पाण्यावर उतरले आणि मला दिसलं, नुसतं वरचं अस्तर. खालचा भाग कुठेच नाही. इथेही थांबता आलं असतं. मी म्हटलं, थोडं खोल जाऊ, लागेल. यंत्राची मूठ फिरवत राहिले. आणखी थोडं, आणखी थोडं. मुगाच्या दाण्यात असून असून किती असणार? अर्ध्याहून जास्त तुकडा भुसा होऊन पात्याखाली पडला तेव्हा मी थांबले. आता उरलेला उभा करण्याइतकाही राहिला नव्हता.

डॉक्टर मॅडमनी काचपट्टी बघितली आणि मला आत बोलावलं. आमच्या मॅडम मोजकं बोलतात. "ताई, हा कोणी लावला?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी पुन्हा एकदा डोळा लावून बघितलं. मग मलाही दाखवलं. अस्तर बिघडलेलं होतं, त्यात शंका नव्हती. त्याखाली पेशींची सुटी सुटी बेटं दिसत होती. आडव्या कापात हाच घोळ होतो. अस्तराची खाली गेलेली मुळं तिरकी कापली गेली तरी बेटं दिसतात, आणि पेशी खरोखर रेषा ओलांडून उतरल्या असल्या तरीही बेटंच दिसतात. "यावरून मी काहीच सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "परत तुकडा घ्या म्हणून लिहिते. होतं एखाद्या वेळी. कोणाचा आहे?"

"माझ्या भावाचा."

त्यांनी काचपट्टी काढून बाजूला ठेवली. मग एवढंच म्हणाल्या, "लवकर पाठवा त्यांना."

रिपोर्ट घेऊन मी दुपारी दुकानात गेले. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची ट्रायल चालू होती. भाऊ गुडघ्यावर बसून खालची पट्टी टाचत होता, ओठांत टाचण्या. मला बघून त्याने त्या काढून उशीला टोचल्या, गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं केलं आणि मला मशीनपाशी ओढलं. भावजय हातातलं काम थांबवून बघत होती.

"काय निघालं?"

"अस्तर बिघडलंय. पण पुढचं नीट दिसत नाही. परत तुकडा घ्यावा लागेल."

"का दिसत नाही?"

हा तो क्षण. माझ्यामुळे, एवढंच म्हणायचं होतं. माझा हात कापला, तुझा तुकडा मी नासवला, आत्ताच्या आत्ता ऊठ. मी म्हणाले, "कधी कधी तुकडा लहान पडतो."

"म्हणजे वाईट असं काही सापडलं नाही."

"तसं नाही रे. कळलं नाही."

"म्हणजे सापडलं नाही," तो भावजयीकडे बघून म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की माझ्याने पुढे बोलवेना. "आणि आता आणखी मोठा तुकडा कापणार. ताई, अजून मला भात गिळताना ब्रह्मांड आठवतंय. शाळेच्या गणवेशांचं काम डोक्यावर आहे, ते उरकू दे, मग घालतो जीभ त्यांच्या कात्रीत."

त्यानंतर मी त्याला सांगत राहिले. तेही भावजयीसमोर, आठवड्यातून एकदा तरी. "गेलास का?" "जा रे बाबा." "परत तुकडा द्यायचाय तुला." तो म्हणायचा, "जातो गं, जातो." मी सांगितलं नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. पण ज्या बाईने त्याला एका शब्दावर डॉक्टरकडे नेलं होतं तिच्या आवाजात आता जोर नव्हता. जोर आणला असता तर त्याने पुन्हा विचारलं असतं, का. मी मूग गिळून बसले होते आणि वर काळजी करत असल्याचं नाटक करत होते. नाटक म्हणणंही खरं नाही, काळजीने माझी झोप उडाली होती. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

चार महिने गेले. एके दिवशी गळ्यात टेप अडकवताना त्याच्या हाताला गाठ लागली, जबड्याखाली डाव्या बाजूला. सुपारीएवढी, टणक. या वेळी तो स्वतःहून गेला. दुसरा तुकडा आला तेव्हा मी लॅबमधून उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. गोगलगायीने तो लावला. तिने किती वेळ चिमटा धरला ते मी बघितलं नाही. मॅडमना काचपट्टी बघायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रेषा कुठेच उरली नव्हती.

मी त्यांना विचारलं, "चार महिन्यांपूर्वी?" त्या म्हणाल्या, "तेव्हाही उतरल्या असतील कदाचित. सांगता येत नाही, ताई. खरंच सांगता येत नाही." त्या खोटं बोलणाऱ्या नव्हेत. पण सांगता येत नाही ते का, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

अर्धी जीभ काढली. मानेतल्या गाठी काढल्या. मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी घेऊन जिभेच्या रिकाम्या जागी शिवली. शिवण चांगली होती, तो आरशात बघून मान हलवून दाद देऊन मोकळा झाला. पण कातडी ती कातडीच. तिला ओलं राहणं जमत नाही, चव कळत नाही. पुढे त्या नव्या जिभेवर दोन-तीन केस उगवले. मनगटाचेच ते. ते बघून तो हसायला गेला आणि लाळ गळली.

बोलणं गेलं असं नाही, पण जे उरलं ते बोलणं म्हणावं असं नव्हतं. शब्द तोंडातून जड, ओले, कडा नसलेले बाहेर पडायचे. दुकानात गिऱ्हाइकं त्याच्याशी मोठ्याने बोलू लागली, जणू तो बहिरा झालाय. तो बोलायचाच बंद झाला.

भावजय मात्र बोलायची. ती वाईट बाई नाही. रात्रंदिवस उशाशी बसायची, नळीतून दूध घालायची, कपडे बदलायची, आणि हे सगळं करताना बोलायची. "ताई घसा कोरडा होईस्तोवर सांगत होत्या. गणवेश, गणवेश. शिवले ना गणवेश? मिळालं समाधान?" तो भिंतीकडे बघत राहायचा. "स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंत. माझा तरी विचार करायचा होता." मग ती माझ्याकडे वळायची. "ताई, तुम्हीच सांगा, माझं काही चुकतंय का?" आणि मी, जिच्या जिभेला सगळी लॅब टरकून असायची, ती मी खाली मान घालून पेल्यातली औषधाची गोळी विरघळवत बसायचे.

मग किरणांचे उपचार सुरू झाले. त्यांनी तोंडातलं अस्तरच जातं. हे मला माहीत होतं, काचपट्टीवर बघितलं होतं, पण माणसाच्या तोंडात कधी डोकावले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्याचं तोंड आतून सोललं गेलं. गाल, टाळू, उरलेली जीभ, सगळं लालभडक आणि वर पांढरे पापुद्रे. थुंकी गिळायला गेला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. दोन आठवड्यांत नवं होणारं ते अस्तर येता येईना. तेवढे दिवस त्याला हॉस्पिटलमध्येच ठेवलं होतं आणि तो एका वहीत लिहून बोलायचा.

एका दुपारी भावजय औषधं आणायला खाली गेली होती. जाताना नेहमीसारखं दोन शब्द ऐकवून गेली होती. दार लागलं आणि त्याने वही ओढून लिहिलं, "तिचं बरोबर आहे. माझंच चुकलं." त्याखाली रेघ मारली.

तिथे मी मोडले. सगळं सांगितलं. गोगलगायीचा ट्रे, थरथरणारा हात, चिमटा, पाण्यावर उतरलेले काप, मॅडमनी विचारलेलं, दुकानात मी काय म्हणाले ते. त्याच्या पायाशी बसून सांगितलं, त्याच्या तोंडाकडे न बघता. "तुझं काही चुकलं नाही रे. मी नीट सांगितलं असतं तर तू त्याच दुपारी गेला असतास."

मग पेन्सिलीचा आवाज आला. वही त्याने माझ्याकडे फिरवली.

"किती वेळ धरायचा असतो?"

"दहा सेकंद," मी म्हणाले.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. तो त्याच्याकडे बघायला लागला. सेकंदकाटा चालत होता. पूर्ण दहा सेकंद त्याने मोजले, मलाही मोजायला लावले. मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

नऊ दिवस त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी गेले की डोळे मिटायचा. भावजय म्हणायची, "औषधांनी चिडखोर झालेत, मनावर घेऊ नका." मी रोज जात होते. जाऊन बाकावर बसायचे, वेळ संपली की उठायचे. मी मनाशी ठरवलं होतं की आता तिलाही सांगायचं. त्याच्या डोक्यावरचं हे ओझं मी काढणार होते, निदान एवढं तरी करणार होते.

दहाव्या दिवशी भावजय अंघोळीला घरी गेली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि वही मागितली.

"हिला सांगितलंस?"

"नाही. आज सांगणार आहे. ती तुला बोलते ते मला ऐकवत नाही."

"सांगू नकोस."

"का?"

तो बराच वेळ लिहीत होता. मध्येच थांबून त्याने गालाला हात लावला, परत लिहिलं. "माझ्यानंतर तिला तूच आहेस. माहेर उरलं नाही, मूलबाळ नाही. हे कळलं तर ती तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. मी ओळखतो तिला. आणि तुला तरी दुसरं कोण आहे?"

"असं काय लिहितोस? तू बरा होणार आहेस."

कंबर वाढली नाही म्हणून हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो जसा बघायचा, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"मला मोकळं व्हायचंय रे," मी म्हणाले. "हे घेऊन मी कशी राहू?"

"माहीत आहे," त्याने लिहिलं. "नको होऊस मोकळी."

"माझ्यावर राग आहे तुझा?"

"आहे."

ते त्याने खोडलं नाही. थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला, मग पान फाडलं, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि माझ्या हातात ठेवले. टोपलीत टाकले तर भावजयीच्या नजरेला पडतील म्हणून. मी ते पर्समध्ये घातले. मग त्याने पाण्याचा पेला दाखवला, मी चमच्याने दोन थेंब त्याच्या ओठांवर सोडले, आणि त्याने ते तोंड वेडंवाकडं करत गिळले.

तोंडातलं अस्तर पुढे परत आलं. उशिरा आलं, पण आलं. महिनाभर तो पातळसर काही खाऊही लागला, दुकानात बसून एक कोटही बेतला. मग छातीत निघालं. ऑपरेशनला वर्ष व्हायच्या आत तो गेला. शेवटपर्यंत भावजय त्याला बोलत होती आणि शेवटपर्यंत तो ऐकून घेत होता. एकदाच, अगदी शेवटच्या दिवसांत, ती म्हणाली, "ऐकलं असतं तर आज..." आणि तिला पुढे रडू आवरेना. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चूक झाली म्हणून स्वतःच्या कानाची पाळी धरून दाखवली. मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

लॅबमधलं मेणाचं टेबल मी त्याच्या आजारपणातच सोडलं होतं. काचपट्ट्यांवरच्या कापांना रंग देण्याच्या कामावर गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. माझ्या जागी गोगलगाय बसली. तिने कधी एका शब्दाने विषय काढला नाही. शेवटच्या दिवशी मी तिला म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं." ती म्हणाली, "मी नुसतं विचारायला नको होतं, ताई. धरायलाच हवा होता." म्हणजे तीही तेच घेऊन राहिली होती, इतके दिवस, माझ्या शेजारी.

भावजय आता दुकानात फक्त दुरुस्तीची कामं घेते, चेन बसवणं, पट्टी सोडणं. वरची खोली तिने भाड्याने दिली आणि माझ्याकडे राहायला आली. मीच म्हटलं, ये. त्याने सांगितलं होतं तसंच झालं सगळं. ती माझी औषधं वेळेवर देते, माझा चष्मा शोधून देते, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा टाकल्यासारखं दुकान बंद करून तीन दिवस घरी बसली. इतकी माया मला उभ्या आयुष्यात कोणी केली नाही. तिच्या हातचं जेवताना काही दिवस घास गिळवत नाही, मग गिळवतो.

परवा जेवताना ती म्हणाली, "ताई, एक बोलू? मला अजून राग येतो हो त्यांचा. माणूस गेला तरी राग जात नाही. तुम्ही किती सांगत होतात. बहीण एवढ्या कळकळीने सांगतेय तर ऐकायचं ना माणसाने. तुम्ही होतात म्हणून मी उभी आहे. तुमच्यासारखी माणसं आहेत आणि त्यांना किंमत नव्हती."

मी घास तोंडात तसाच धरून बसले. ती उत्तराची वाट बघत होती. नुसती मान हलवून भागण्यासारखं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "लहानपणापासूनच हट्टी होता तो."

तो कधीच हट्टी नव्हता. मी सांगेन ते ऐकायचा.

"बघा," ती म्हणाली, जरा हलकी होऊन, आणि माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढला.